चेअरमनसाहेबांचा ॲक्सल

माणसाने स्वतः लावलेल्या पाटीखाली स्वतःच उताणं पडू नये. एवढा साधा धडा, पण तो शिकण्यासाठी चेअरमनसाहेबांना अख्खी इमारत, एक परीक्षेचं मैदान आणि स्वतःची कंबर पणाला लावावी लागली.

पाटी पार्किंगच्या खांबावर होती. 'येथे कोणत्याही वाहनाची दुरुस्ती करण्यास सक्त मनाई आहे. हुकुमावरून, चेअरमन.' मजकूर त्यांचा, लाल रंग त्यांच्या पसंतीचा, आणि खिळाही त्यांनीच ठोकलेला. आणि शनिवारी सकाळी त्याच पाटीखाली जुनी चादर अंथरून, गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाकडे तोंड करून जे गृहस्थ पडले होते, तेही तेच. नोकरी वजनमापे खात्यात. दुकानदारांचे तराजू तपासून त्यांच्या चुका काढायच्या, हे काम इतकी वर्षं केलं की हळूहळू त्यांना सगळं जगच थोडं कमी भरतंय असं वाटायला लागलं होतं. इमारतीचे चेअरमन झाल्यापासून तर घरीदारी सगळे त्यांना चेअरमनच म्हणत. खुद्द सासूबाईसुद्धा.

झालं होतं असं की गाडी डावीकडे वळवली की पुढच्या चाकातून कट-कट-कट आवाज यायचा. मेकॅनिकने खाली वाकून बघितलं आणि सांगितलं की चाक फिरवणारा जो लोखंडी दांडा असतो, म्हणजे ॲक्सल, त्याच्या टोकाचं रबर फाटलंय, आतला सांधा गेलाय, ॲक्सल काढून नवा घालावा लागेल. मंगळवारी करतो म्हणाला. चेअरमनसाहेब म्हणाले, मंगळवार चालणार नाही, सोमवारी घरच्यांची ड्रायव्हिंगची परीक्षा आहे, तेव्हा ॲक्सल मीच काढीन. मेकॅनिक तेव्हा दुसऱ्या गाडीत डोकं घालून उभा होता. ते बाहेर न काढताच तो बोलला.

"साहेब, जुना ॲक्सल आहे. चाकाच्या मधल्या भागात, हबमध्ये, गंजून बसला असणार. तुमच्याच्याने निघायचा नाही."

बाकी सगळं ठीक होतं हो, पण 'तुमच्याच्याने'? चेअरमनसाहेब जागच्या जागी थिजले. ज्यांच्या नुसत्या सहीने बाजारातले भले भले तराजू सरळ झाले, त्यांच्याच्याने एक दांडा निघायचा नाही? घरी येईपर्यंत तो शब्द त्यांना असा लागला होता की जेवणसुद्धा नीट गेलं नाही.

आता बायकोच्या परीक्षेचं सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं. तिची आई शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला बाहेर पडायचं म्हणजे गाडी हवी, आणि गाडी हवी म्हणजे चेअरमनसाहेबांची सवड हवी. ती सवड काही केल्या सापडायची नाही. 'रविवारी बघू', 'मीटिंग आहे', 'पुढच्या आठवड्यात नक्की'. एकदा तर म्हातारी तयार होऊन, पर्स मांडीवर घेऊन, दुपारभर व्हरांड्यात बसून राहिली होती. इकडे चेअरमनसाहेब गच्चीच्या कुलपाची चावी कुणाकडे असावी यावर सभा घेत होते.  दुसऱ्या दिवशी बायकोने जाऊन ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं.

त्या स्कूलच्या गाडीवर ती दोनदा नापास झाली होती. त्या गाडीचा क्लच म्हणजे कुठे धरेल आणि कुठे सोडेल, याचा नेम नाही. म्हणून या वेळी आपलीच गाडी न्यायची असं ठरलेलं. बरं, तिच्या शिकाऊ परवान्याची मुदत नेमकी त्याच सोमवारी संपत होती. सोमवार हुकला की पुन्हा पहिल्यापासून अर्ज, पुन्हा डोळे तपासणी, पुन्हा ती खिडकी आणि खिडकीतला तो जेवायला गेलेला माणूस. तेव्हा चेअरमनसाहेबांनी तिला शब्द दिला होता की सोमवारी गाडी तयार मिळेल. तिने तो खरा मानला. लग्नाला इतकी वर्षं होऊनही मानला, याचं कौतुकच करायला हवं.

शनिवारी सकाळी काम सुरू झालं. ॲक्सलच्या टोकावर, चाकाच्या बरोबर मध्यभागी, एक जाडजूड नट असतो. तो सोडवायचा तर गाडीत बसून कुणीतरी ब्रेक घट्ट दाबून धरावा लागतो. म्हणून बायको स्टिअरिंगमागे बसली. खालून हुकूम सुटायला लागले. दाब. सोड. दाब म्हटलं ना. आता सोड. ती बिचारी दाबत होती, सोडत होती, आणि तेवढ्यात कान देऊन ऐकतही होती. मधूनच म्हणायची, "अहो, हा आवाज मघाशी नव्हता. हा नवा आहे."

"तू फक्त ब्रेक दाब," चेअरमनसाहेब खालून म्हणायचे. गाडीचं त्यांना सगळं कळत होतं. फक्त नट तेवढा हलत नव्हता.

जिन्यावर पावलं वाजली की ते चपळाईने उठून चाकावर प्लास्टिकचं झाकण बसवायचे आणि फडक्याने काच पुसायला लागायचे. सकाळभरात ती काच इतक्यांदा पुसून झाली की पलीकडचं जग नव्याने दिसायला लागलं. पण दातांच्या डॉक्टरांची पावलं रबरी चपलांची. ती वाजलीच नाहीत. डॉक्टर पहिल्या मजल्यावर राहायचे. स्कूटरचा प्लग पार्किंगमध्ये बदलला म्हणून चेअरमनसाहेबांनी त्यांना लेखी समज दिली होती. ते येऊन उभे राहिले. आधी वर पाटीकडे बघितलं. मग ती सावकाश, मोठ्याने वाचली. मग नजर खाली आणली.

चेअरमनसाहेबांचा चेहरा आधीच ग्रीसने काळा होता, म्हणून तो पांढरा पडलेला कुणाला दिसला नाही. पण डॉक्टर भला माणूस. शिवाय आयुष्यभर लोकांच्या तोंडात डोकावल्यामुळे त्यांना अडकलेली गोष्ट बघवत नाही. ते उकिडवे बसले आणि सल्ला दिला की ओढाताण करू नका. दाढ कधी ओढत नाहीत. ती हलवायची, आत ढकलायची, पुन्हा हलवायची, मग ती आपली आपण येते.

एवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त प्राचार्य उतरले. सायकलच्या साखळीला पार्किंगमध्ये तेल घातलं, म्हणून समज त्यांनाही मिळाली होती. तेही पाटी वाचून मोकळे झाले. प्राचार्यांचा विषय पदार्थविज्ञान. ते म्हणाले की डॉक्टर, हा दात नव्हे, हा धातू आहे. धातू उष्णतेने प्रसरण पावतो. तेव्हा बाहेरच्या हबवर उकळतं पाणी आणि आतल्या ॲक्सलवर बर्फ, की झालं काम. डॉक्टर म्हणाले ढकला. प्राचार्य म्हणाले ओढा, पण आधी तापवा. दोघांचं जुंपलं, आणि मध्ये चाकाला कवटाळून चेअरमनसाहेब बसले.

पाणी आलं, बर्फ आला. प्राचार्यांनी पाणी ओतलं ते हबवर कमी आणि चेअरमनसाहेबांच्या गुडघ्यावर जास्त पडलं. बर्फ मग तिथेच कामी आला. शेवटी प्राचार्यांनी आपल्या घरचा पडद्याचा लोखंडी पाइप आणून पान्याच्या दांड्यावर चढवला. त्यावर तिघांनी मिळून जोर लावला, तेव्हा कडाड असा आवाज होऊन नट सुटला. पाना एकीकडे, डॉक्टर दुसरीकडे, आणि चेअरमनसाहेब बादलीत. गाडीतून बायकोने विचारलं, "सोडू का?" उत्तर द्यायच्या अवस्थेत खाली कुणी नव्हतं.

वाटलं होतं की नट सुटला म्हणजे गड जिंकला. कसचं काय. ॲक्सल हबमध्ये असा घट्ट बसला होता की जणू दोघांचं लग्न लावून दिलंय. नट पार काढून टाकायचा नाही, दोन-चार आटे धरून ठेवायचा आणि त्याच्यावर हातोडीने मारायचं, म्हणजे ॲक्सलचं टोक चेपत नाही, हे चेअरमनसाहेबांनी मोबाइलवर बघून ठेवलं होतं. त्याप्रमाणे त्यांनी मारायला सुरुवात केली. पहिल्या घावाला शेजारी उभी असलेली डॉक्टरांची मोटार बोंबलायला लागली. दुसऱ्या घावाला वरच्या गॅलऱ्या माणसांनी भरल्या. कुणीतरी वरून विचारलं, काय चाललंय. चेअरमनसाहेबांनी मान वर करून, अगदी अधिकाराने, खांबाची मजबुती तपासतोय असं सांगितलं. वरच्यांना ते पटलं. हा माणूस काहीही तपासू शकतो, यावर इमारतीचा पूर्ण विश्वास होता.

संध्याकाळपर्यंत खांब, हब, ॲक्सल, तिघेही मजबूत निघाले.

रविवारी बायको सकाळीच बस धरून आईकडे गेली. इकडे गाडी जॅकवर चढवून, चाक काढून, प्राचार्यांनी दोराचा प्रयोग मांडला. दोर हबला बांधायचा, दुसरं टोक खांबाला, मध्ये काठी घालून पीळ द्यायचा. डॉक्टर म्हणाले हे शास्त्रात बसत नाही, पण काठी फिरवायला त्यांनीही हात लावला. दोर ताणला, किणकिणला, आणि मग खांबावरून सरकून असा काही सुटला की वरची पाटीच उखडली आणि चेअरमनसाहेबांच्या टाळक्यात बसली.  स्वतःच्या हुकुमाचा एवढा जोरदार मार चेअरमनसाहेबांनी आजवर कधी खाल्ला नव्हता. प्राचार्यांनी पाटी उचलून, तिचा मजकूर आत करून, भिंतीला टेकवून ठेवली. हे त्यांनी मुद्दाम केलं की चुकून, ते कळलं नाही.

आणि मग चेअरमनसाहेबांना आठवलं, की संध्याकाळी इमारतीची सभा आहे. सभा कुठे? पार्किंगमध्ये. खुर्च्या मांडायला दुसरी जागाच नव्हती. आणि विषय? विषय त्यांनीच ठरवला होता. पार्किंगमधली दुरुस्तीबंदी आणखी कडक करावी, पूर्वपरवानगीशिवाय टायरमध्ये हवासुद्धा भरता येऊ नये.

ते घाईने कामाला लागले. चाक परत बसवलं, त्याचे बोल्ट आवळले, जॅक उतरवला, चाकाचं झाकण टपकन दाबून बसवलं. गाडी पुन्हा गाडीसारखी दिसायला लागली. आत तो मधला नट मात्र दोन-चार आट्यांवर लटकलेला, तसाच. सभा संपल्यावर बघू, म्हणाले.

सभेत ते दोन्ही हात खिशात घालून बसले, कारण हात कोपरापर्यंत काळे होते आणि ते काळं साबणाला, रॉकेलला, कशालाच दाद देत नव्हतं. ठराव वाचला गेला. ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करावेत. हात वर झाले. डॉक्टर आणि प्राचार्य हाताची घडी घालून, चेअरमनसाहेबांकडे प्रेमाने बघत बसले. मतं मोजली, तर ठराव मंजूर व्हायला फक्त एक हात कमी पडत होता, आणि तो हात चेअरमनसाहेबांच्या खिशात होता.  चेअरमन स्वतःच्या ठरावाला हात वर करत नाहीत, हे कुणी स्वप्नातही बघितलं नव्हतं. ठराव पडला. लोकांना वाटलं, माणूस बदलला. काही जणांनी टाळ्याही वाजवल्या.

त्याच वेळी बायको बसने परत आली ती थेट सभेत. शेजारच्या सिस्टरजवळ येऊन बसली. या सिस्टर म्हणजे इस्पितळातल्या नर्स. त्यांना गाडी उत्तम येते, आणि उद्या परीक्षेला त्याच सोबत येणार होत्या. बायकोने पलीकडे गाडीकडे बघितलं. चाक जागेवर, झाकण जागेवर. तिने सगळ्यांसमोर, साध्या मनाने विचारलं, "अहो, गाडी झाली ना? उद्या न्यायची आहे."

सगळ्या माना वळल्या. 'नाही' म्हणावं तर पार्किंगमध्ये दुरुस्ती चालली होती हे जगजाहीर होणार. काल सकाळपासूनचा सगळा खांबाचा तपास उघडा पडतो. चेअरमनसाहेबांची जीभ टाळ्याला चिकटली. आणि मग तीच जीभ, त्यांना न विचारता, बोलून मोकळी झाली.

"झाली."

बायकोचा चेहरा असा फुलला की चेअरमनसाहेब मनातून हादरले. इतक्या वर्षांत आपल्या एखाद्या शब्दाने ती एवढी खूश झालेली त्यांना आठवेना. घरी गेल्यावर खरं सांगायचं असं त्यांनी ठरवलं होतं. पण घरी ती आईला फोनवर सांगत होती, उद्या दुपारी मी येते, कुणाबरोबर नाही, मीच आणते गाडी, तू तयार राहा. ते दारात उभे राहिले, घसा खाकरला, आणि पाणी पिऊन परत आले. मग त्यांनी स्वतःची समजूत घातली की सकाळी लवकर उठून पुलर आणू, म्हणजे अडकलेली वस्तू ढकलून बाहेर काढायचं ते तीन नख्यांचं लोखंडी अवजार, आणि ती उठायच्या आत काम उरकून टाकू. खोटं कसं, थोडं उशिराने खरं होणार एवढंच.

सोमवारी सकाळी ते अवजारं भाड्याने देणाऱ्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. दुकान उघडायला उशीर झाला. उघडल्यावर मालकाने चहा मागवला. चहा आल्यावर ओळखपत्र मागितलं. चेअरमनसाहेब म्हणाले, अहो, मी सरकारी माणूस आहे. मालक म्हणाला, म्हणूनच मागतोय साहेब. तुमच्याच खात्याचे लोक येऊन आमच्या तराजूची कागदपत्रं तीन-तीनदा बघून जातात. नियम म्हणजे नियम. चेअरमनसाहेबांनी हे वाक्य जन्मभर इतरांना ऐकवलं होतं. समोरून ऐकताना ते इतकं बोचतं याची त्यांना कल्पना नव्हती. शेवटी ड्रायव्हिंग लायसन्स तिथे ठेवून घेतलं तेव्हा कुठे पुलर मिळाला. तो छातीशी धरून ते जवळजवळ पळतच इमारतीत आले.

पार्किंगमध्ये गाडी नव्हती.

चादर होती, बादली होती, भिंतीला टेकवलेली पाटी होती, आणि जिथे गाडी असायची तिथे तेलाचा एक डाग होता. चेअरमनसाहेब त्या डागाकडे बघत राहिले.  वरच्या गॅलरीत दातांचे डॉक्टर दात घासत होते. तोंडात ब्रश तसाच ठेवून त्यांनी कळवलं की वहिनी मघाशीच गेल्या, सिस्टरबरोबर, परीक्षेआधी एक चक्कर मारायची म्हणाल्या, काय सुरेख वळवली गाडी. मग त्यांना चेअरमनसाहेबांच्या हातातला पुलर दिसला. ब्रश हळूहळू थांबला.

"तो नट...?" डॉक्टर म्हणाले.

चेअरमनसाहेबांनी नुसती मान हलवली. डॉक्टर तोंड न धुता खाली आले. फोन लावला तर बायकोचा फोन बंद. गाडी चालवताना फोन बंद ठेवायचा, हे तिला चेअरमनसाहेबांनीच शिकवलं होतं. सिस्टरचाही बंद, कारण बायकोनेच त्यांना तसं करायला लावलं असणार. डॉक्टरांची मोटार त्यांची मिसेस घेऊन गेलेली. उरली स्कूटर. तिला किक मारली, पुन्हा मारली, पुन्हा मारली. डॉक्टर घाम पुसत म्हणाले की प्लग साफ करावा लागेल. आणि मग, त्या तसल्या घाईतही, अगदी गंभीर चेहऱ्याने त्यांनी विचारलं, "इथे केला तर चालेल, की गेटबाहेर ढकलत नेऊ?"

चेअरमनसाहेबांनी त्यांच्याकडे असं बघितलं की डॉक्टरांनी पुढचं काही विचारलं नाही. तिथेच बसून प्लग काढला, शर्टाला पुसला, लावला. दुरुस्तीबंदीचा पार्किंगमधला तो शेवटचा भंग ठरला, कारण त्यानंतर बंदीच राहिली नाही. पण ते पुढचं.

रस्ताभर चेअरमनसाहेब डाव्या बाजूला बघत होते. प्रत्येक वळणावर त्यांना उलटलेली गाडी दिसत होती. आपण एका 'झाली' या शब्दात बायकोला बसवून पाठवलं, हेच त्यांच्या डोक्यात घणासारखं वाजत होतं. ती परीक्षा, तो परवाना, आपली अब्रू, सगळं खड्ड्यात गेलं तरी चालेल, फक्त ती उतरून उभी असू दे, असं ते पुन्हा पुन्हा मनात म्हणत होते. देवावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. त्या दिवशी त्यांनी सगळीकडेच अर्ज करून ठेवला.

परीक्षेचं मैदान म्हणजे मोठं मातीचं पटांगण, त्याला दोरी लावलेली, आणि दोरीशी एक रखवालदार. पलीकडे गाडी. चालत होती. बायको स्टिअरिंगमागे, शेजारी निरीक्षक, आणि गाडी इंग्रजी आठच्या आकड्यात संथपणे वळत होती. डावीकडे वळली की कट-कट-कट. चेअरमनसाहेब दोरीखालून घुसायला गेले तर रखवालदाराने त्यांना दंडाला धरलं. आत फक्त उमेदवार, टोकन दाखवा.

"माझी बायको आहे ती. गाडी थांबवा. चाकाचा नट ढिला आहे."

"सगळे नवरे असंच म्हणतात, साहेब," रखवालदार शांतपणे म्हणाला. "परवा एकजण सांगत होता, गाडीत साप आहे. बायको पास होऊ नये म्हणून काय काय करतात लोक."

आपण ओरडलो तर ती नापास, आणि तिचा परवाना आजच संपतो. नाही ओरडलो तर? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर डोक्यात यायच्या आत चेअरमनसाहेब दोरी ओलांडून धावत सुटले होते. हातात तीन नख्यांचं लोखंडी अवजार, डोक्यावर पाटीचं टेंगूळ, कोपरापर्यंत काळे हात. रांगेतल्या बायका किंचाळल्या. रखवालदार मागे, त्याच्या मागे तोंडाला पेस्टचा फेस असलेले डॉक्टर. चेअरमनसाहेब बोंबलत होते, "थांब. झाली नव्हती. झाली नव्हती."

आणि तेवढ्यात, आठाच्या शेवटच्या वळणावर, टण्ण असा आवाज झाला.

  चेअरमनसाहेबांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा गाडी पांढऱ्या रेषेच्या आत, सरळ उभी होती. डाव्या बाजूचा दिवा लुकलुकत होता. हँडब्रेक ओढल्याचा आवाज आला. इंजिन बंद झालं. मग बायको उतरली. आधी मागे वळून बघितलं, मग दार लावलं, अगदी नियमाप्रमाणे.

दुसऱ्या दाराने निरीक्षक उतरले. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यांनी विचारलं, गाडी मध्येच का थांबवली.

"पुढच्या डाव्या चाकातून आवाज आला," ती म्हणाली. "नेहमीचा कट-कट होतो, वाटलं नव्या ॲक्सलचाही थोडा राहत असेल. हा तो नव्हता. शनिवारी दिवसभर मी हिच्यात बसून सगळे आवाज ऐकलेत, हा नवा आहे. म्हणून थांबवली."

आता चेअरमनसाहेब तिथे पोचले होते. श्वास लागला होता. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की नट ढिला आहे, मीच ढिला करून ठेवलाय, आणि मी खोटं बोललो. निरीक्षकांनी त्यांच्याकडे, त्यांच्या हातांकडे, मग पुलरकडे बघितलं. मग बायकोकडे वळून ते म्हणाले, "गाडी नापास. बाई पास. आणि या गृहस्थांचं लायसन्स दाखवा जरा."

लायसन्स कुठे होतं ते तुम्हाला माहीत आहे. चेअरमनसाहेब खिसे चाचपत राहिले. त्या क्षणी त्या घरात गाडी चालवायचा कागद जवळ असलेलं एकच माणूस होतं, आणि त्याची परीक्षा नुकतीच झाली होती.

डॉक्टरांना मात्र राहवेना. त्यांनी चाकाचं झाकण काढलं, नट बोटांनीच फिरवून सोडवला, आणि ॲक्सलच्या टोकावर अंगठा ठेवून जरासं दाबलं. तो दांडा, ज्याने हातोडी, उकळतं पाणी, बर्फ, दोर आणि तीन शिकलेली माणसं यांना धूप घातली नव्हती, तो लोण्यात सुरी जावी तसा आत सरकला. सगळे तोंड उघडं ठेवून बघत राहिले. आठाचा आकडा घालताना डावी-उजवीकडे जो ताण पडला, त्याने गंज सुटला होता, आणि तोच तो टण्ण आवाज.

"मी म्हटलं होतं," डॉक्टर पुटपुटले. "ओढायचं नाही. हलवायचं."

बायकोने त्या दांड्याकडे बघितलं. मग नवऱ्याकडे. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी बसले होते हिच्यात," ती म्हणाली. "सिस्टर बसल्या होत्या. मला 'नाही झाली' एवढं सांगता नाही आलं तुम्हाला?"

 दुकानदारांना चेअरमनसाहेब रोज विचारायचे, की बाबा, चार ग्रॅम कमी आहे तर कमी आहे म्हणून सांगायचं, लपवायचं कशाला. आज तोच प्रश्न त्यांच्या पुढ्यात येऊन पडला होता. त्यांनी मान खाली घातली. ती पासचा कागद पर्समध्ये ठेवून, सिस्टरबरोबर बस धरून आईकडे निघून गेली. गाडी टेम्पोवर चढली. तिच्याबरोबर टेम्पोत, पुलर मांडीवर घेऊन, चेअरमनसाहेब बसले.

मंगळवारी मेकॅनिक आला. त्याने मंगळवारच सांगितला होता. पार्किंगमध्येच काम करू का, म्हणून त्याने खांबाकडे नजर टाकली, तर पाटी नव्हती. रात्रीतून ती कुणी माळ्यावर टाकली ते इमारतीत अजून कुणाला कळलेलं नाही, पण माळ्याची चावी चेअरमनसाहेबांकडेच असते. मेकॅनिकने हबमध्ये बोट घातलं, सुटलेला ॲक्सल हलवून बघितला आणि पहिल्यांदाच मान वर करून विचारलं की हा काढला कुणी. चेअरमनसाहेबांनी बायकोकडे बोट दाखवलं. ती कालपासून त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती, त्यामुळे तीही चमकली.

"तरीच," मेकॅनिक म्हणाला. "तुमच्याच्याने निघायचा नव्हताच तो."

चेअरमनसाहेब म्हणाले, बरोबर आहे तुमचं. हे ऐकून डॉक्टर आणि प्राचार्य, जे अर्थातच हजर होते, एकमेकांकडे बघायला लागले.

नवा ॲक्सल बसला. शेवटचा नट आवळायची वेळ आली तेव्हा बायको पुढे झाली आणि म्हणाली, पाना इकडे द्या. प्राचार्यांचा पडद्याचा पाइप पुन्हा आला. ब्रेक दाबायला कुणीतरी हवं होतं. चेअरमनसाहेब दार उघडून आत बसले.

"दाबा," ती खालून म्हणाली. त्यांनी दाबला. "सोडा." सोडला. "दाबा म्हटलं ना." त्यांनी पुन्हा दाबला, आणि या वेळी खालचे आवाज नीट कान देऊन ऐकले.

दुपारी तिने गाडी बाहेर काढली. चेअरमनसाहेब शेजारच्या सीटवर, हात मांडीवर. गेटपाशी त्यांच्याने राहवेना. त्यांनी हळूच विचारलं की नट नीट आवळलाय ना. ती म्हणाली, आवळलाय. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, उतरून बघितलं नाही. वाटेत डावीकडे कितीतरी वळणं आली. कट-कट कुठेच नव्हती. चेअरमनसाहेब मात्र प्रत्येक वळणावर श्वास रोखत होते. ती खोड इतक्यात जाणार नाही.

सासूबाई व्हरांड्यात, तयार होऊन, पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. गाडी थांबताच काठी टेकत उठल्या. सवयीने त्यांनी स्टिअरिंगच्या बाजूला न बघताच हाक मारली, "आलात का चेअरमन? आणलंत का हिला?"

चेअरमनसाहेब खाली उतरले. त्यांच्यासाठी मागचं दार उघडून धरलं.

"नाही आई," ते म्हणाले. "हिने मला आणलं."